एक्केचाळीस नंबरचा खांब

(नगरपंचायतीच्या वीज विभागाची खोली, दुपारची वेळ. टेबलाशी कनिष्ठ अभियंता गुंजन. समोर तानबाजी झाडे, याच कार्यालयातून निवृत्त झालेले दिवाबत्ती कामगार. बाजूच्या टेबलावर कर विभागाचे बंडूजी.)

तानबाजी: ...तं त्यानं मले उत्तर देलं, या क्रमांकाचा खांब अस्तित्वात नाही. मी म्हनलं, मंग माह्या घराच्या कोपऱ्यावर पस्तीस वर्सापासून उभा हाये तो कोन?

गुंजन: कोणाला म्हणालात?

तानबाजी: मोबाईललेच म्हनलं. दुसरं कोन हाये घरात ऐकाले.

गुंजन: काका, तक्रारीच्या अ‍ॅपमध्ये कंपनीचा नंबर टाकावा लागतो. खांबावर पिवळ्या रंगात लिहिलेला. तुम्ही जुना टाकला असेल.

तानबाजी: एक्केचाळीस टाकला. पांढऱ्या पेंटनं मीच लिवला होता तो, ह्या हातानं. पिवळा नंबर त्याच्यावर नाईच ना. अलीकडच्या खांबावर हाये, पलीकडच्या खांबावर हाये. मधातल्याले सोडलं. म्हून तं मी इथं येऊन राह्यलो.

बंडूजी: तानबाभाऊ, सातवी चक्कर आहे ना ही तुमची?

तानबाजी: आठवी. एका डाव तुमी जेवाले गेलते, ते तुमी धरलीच नाई.

बंडूजी: घ्या. माझ्या जेवणाचा हिशेब पण ठेवला यांनी.

तानबाजी: बावीस वर्सं ह्याच हापिसात काढले बंडूजी. कोन कवा जेवते अन् किती येळ जेवते, मले म्हाईत हाये.

गुंजन: काका, मी परत एकदा सांगते, शांतपणे ऐका. सहा वर्षांपूर्वी कंपनीनं सर्व्हे केला. ज्या खांबावर त्या दिवशी दिवा होता, त्या खांबाला नंबर दिला. त्या दिव्यांची देखभाल कंपनीकडे. दर दिव्यामागे दर महिन्याला आपण तिला पैसे देतो. ज्या खांबावर दिवा नव्हता तो यादीत नाही. यादीत नाही म्हणजे कंपनीला तिथं बल्ब बदलायचाही नाही.

तानबाजी: अन् ज्या खांबावर दिवा होता, पन तरी यादीत नाई आला, त्याचं काय?

गुंजन: तो मग नवीन दिवा धरला जातो. नवीन दिव्याला सभेची मंजुरी लागते. दिवा लावला की त्याचं वीजबिल दर महिन्याला आलं, तेही आपल्यालाच भरायचं. या वर्षी पैसे अडुसष्ट नव्या दिव्यांचेच होते. सतरा प्रभाग, प्रत्येकी चार.

तानबाजी: आमच्या प्रभागाचे चार कुठं गेले ते मले म्हाईत हाये. धर्मेंद्रच्या लॉनपुढे. मी गेलतो त्याच्याकडे. निवडणुकीत माह्या पाया पडला होता, तवा जाऊन पाहावं म्हनलं. थो म्हने, काकाजी, लॉनवर नागपूर-अमरावतीचे वऱ्हाडी येतात, अंधारात गाड्या लावतीन तं गावाची इज्जत काय राह्यली. मी म्हनलं, वऱ्हाडी येतात ते गाडीचा लाईट लावून येतात. माही बायको पायी चालली होती.

गुंजन: हो काका.

तानबाजी: पहाटचे साडेपाच. कापूस वेचाले निंघाली होती. नालीवरच्या रपट्यावरून उतरली अन् पाय नालीत गेला. खुबा मोडला. वर्ध्याले नेलं, अकरा दिवस राह्यली. हे मी तुमाले आठ डाव सांगतलं असंन.

गुंजन: सांगा ना काका. मी ऐकते आहे.

तानबाजी: सांगून काय करू. दिवाबत्ती कर तं मी बराबर भरतो. बंडूजीले विचारा.

बंडूजी: भरता. सबसे पहले भरता. पण भाऊ, कर भरला म्हणून दिवा तुमच्याच कोपऱ्यावर लागला पाहिजे, असं पावतीवर कुठं लिहिलं आहे? तो पूर्ण गावाचा पैसा. सगळ्यांचा एका डब्यात जातो, मग सभा बसते, मग वाटप. प्रत्येकाला चार-चार, कोणाची कटकट नाही. सीधी बात.

तानबाजी: सीधी बात काऊन? बजारातल्या प्रभागात एकबी खांब सुना नव्हता. तरी चार देले. मंग त्यायनं काय केलं, एका खांबाले दोन-दोन तोंडं बसोले. अन् तिकडं टोल्यात, मजुरायच्या वस्तीत चौदा खांब हायेत, त्यायलेबी चारच. त्यातले चारी रोडावरच लागले, टोल्यापर्यंत पोचलेच नाई. हे वाटप झालं का?

बंडूजी: बराबर बराबर तर झालं.

तानबाजी: बराबर झालं. न्यायाचं नाई झालं.

गुंजन: मी तेच म्हणत होते, काका. ऑक्टोबरमध्ये मी तक्ता केला होता. प्रत्येक सुन्या खांबाला गुण. नाली असली तर इतके, वळण असलं तर इतके, शेजारच्या दिव्यापासून किती अंतर, पाणी भरायची जागा आहे का, पहाटे बायका कुठून कामाला जातात. पंधरा दिवस संध्याकाळी पायी फिरले मी त्यासाठी. सभेत एक पानसुद्धा उलटलं नाही कोणी. एक सदस्य म्हणाले, मॅडम, दिव्यांची परीक्षा घेता का, मग नापास खांबांना ट्युशन पण लावा. सगळे हसले आणि चार-चारचा ठराव पास झाला.

तानबाजी: माहा खांब होता त्या तक्त्यात?

गुंजन: होता. चौसष्ट गुण. तीन नंबरवर.

तानबाजी: ऑक्टोबर म्हनता ना. अन् रुखमा नोव्हेंबरात पडली.

गुंजन: हो.

बंडूजी: चहा सांगू का, भाऊ?

तानबाजी: नोको. मॅडम, मी तुमच्यावर नाई चिडून राह्यलो. तुमी तरी पायी फिरल्या. मले त्या पोराचं नाव पायजे.

गुंजन: कोणत्या?

तानबाजी: पिवळी टोपी घालून सर्व्हेले आलता तो. माह्या खांबावर दिवा होता. बावीस वर्सं मी त्या दिव्याचा बल्ब बदलला. त्या पोरानं वर पाह्यलंच नाई, गाडीत बसल्या बसल्या लिहत गेला असंन. अर्जात सहा नंबरचा कॉलम हाये, ‘जबाबदार व्यक्ती’. मी तीन अर्ज देले, तीनही डाव तुमी तो कोरा ठेवला. मले दिवा पायजेच. पन त्या कॉलमात नाव पायजे. कोनीतरी एका मानसानं म्हनलं पायजे का बाप्पा, हे माह्या हातून झालं.

गुंजन: नावाचं मला सांगता येणार नाही. पण दिव्यासाठी एक रस्ता सापडला आहे. म्हणूनच मी तुम्हाला आज बोलावलं.

तानबाजी: कोन्ता?

गुंजन: कंपनीच्या करारात एक कलम आहे. सर्व्हेच्या आधी एखाद्या खांबावर दिवा होता आणि तो मोजायचा राहून गेला, असं कागदावर सिद्ध झालं, तर कंपनीनं आठ दिवसांत स्वतःच्या खर्चानं दिवा लावायचा. सभा नाही, ठराव नाही, प्रभागाचे चार नाहीत. फक्त पुरावा पाहिजे.

तानबाजी: पुरावा मी. माह्याऊन मोठा पुरावा कोन्ता?

गुंजन: कागदाचा पाहिजे, काका. तुमच्या वेळी दिव्यांचं रजिस्टर असायचं ना?

तानबाजी: होतं तं. लाल कापडाचं. कोन्त्या खांबाचा बल्ब कवा बदलला, कोन्ता दिवा कुठून काढून कुठं लावला, सब त्याच्यात. रोज लिवत होतो. पन ते तं मी शिडीसंगं हापिसात जमा केलं. आता कुठं भेटते.

बंडूजी: भेटलं ना. मॅडमनी माझं डोकं खाल्लं आठ दिवस. जुन्या कराच्या पावत्यांचे गठ्ठे आहेत ना मागच्या खोलीत, त्यांच्याखाली. उंदराने कोपरा खाल्ला, बाकी ठीकठाक. हे घ्या.

तानबाजी: अरे बाप्पा. हेच. हेच ते. हे पाहा मॅडम, कापडावर पेंटचा डाग. शोभाबाईच्या घरापुढला खांब रंगवत होतो, तवाचा हाये.

बंडूजी: यांना तर पोटचं पोरगं भेटल्यासारखं झालं.

तानबाजी: तुमाले नाई समजनार बंडूजी. तवा खांब होते एकशे नव्वद, अन् दिवे एकशे बारा. मंग कसं पुरवाचं? फिरवत राहाचं. दहावीची परीक्षा आली का बोर्डिंगच्या गल्लीत दोन दिवे जास्तीचे. देवी बसली का मंडपाकडे. सोंगणीच्या दिवसात शेताकडच्या वाटंवर. कोनाकडे मयत झाली का त्याच्या घरापुढच्या खांबावर तेरवीपर्यंत दिवा. लोकं बाहेर सतरंजीवर बसतात, येनंजानं राह्यते, अंधारात कसं बसतीन.

गुंजन: असा नियम होता?

तानबाजी: नियम नाई, रीत होती. पयल्या साहेबानं तोंडी सांगतलं होतं, तानबा, मयतीच्या घरापुढे अंधार नोको. मंग मी कोनाचं घर कोन्तं ते नाई पाह्यलं. शेठच्या घरी लावला, झोपडीपुढे लावला.

बंडूजी: आमच्याकडे लावला होता. बाबूजी गेले तेव्हा. सांगायलाही लागलं नाही, आम्ही घाटावरून परत आलो तर दिवा चालू.

तानबाजी: ते आपलं कामच होतं.

गुंजन: पण दिवे तर मोजकेच. मग तो दिवा कुठून काढायचे?

तानबाजी: पह्यले इकडून तिकडून काढत होतो. पन दुसऱ्याच्या गल्लीतला काढला का बोंब होते. आमचाच काऊन काढला, त्याचा काऊन नाई काढला, हापिसापर्यंत भांडन. मंग मी ठरवलं का काढाचा तं आपल्या गल्लीतला काढाचा. कोनी बोट नाई दाखवाचं. आपल्या गल्लीतला काढला तं फक्त रुखमाच बोलते.

गुंजन: काय बोलायच्या त्या?

तानबाजी: काय बोलन. म्हने, गावाचं पाहा, पन घरचाबी पाय ठेच खाते म्हना. मी म्हनत होतो, तेरा दिवस तं गोष्ट हाये. बराबर चौदाव्या दिवशी आनून लावत होतो. एक दिवस इकडे तिकडे नाई. उघडा तुमी, सर्व्हेच्या आधीचं पान काढा. एक्केचाळीस भेटनच.

गुंजन: सर्व्हे चोवीस फेब्रुवारीला झाला. म्हणजे जानेवारीपासून बघू. नऊ जानेवारी, खांब एक्केचाळीस, बल्ब बदलला. हे घ्या काका, आला पुरावा.

तानबाजी: आला का? पाहा. म्हनलं होतं ना मी.

बंडूजी: लो भाऊ, काम फत्ते. आता तरी चहा सांगतो.

तानबाजी: सांगा, सांगा. साखर कमी म्हना. मॅडम, पुढं पाहा अजून. फेब्रुवारीतबी असंन. दोन पुरावे झाले तं कंपनीले पयालेच जागा नाई.

गुंजन: फेब्रुवारी... हो. आहे.

तानबाजी: काय लिवलं हाये?

गुंजन: काका, जानेवारीची नोंद पुरेशी आहे. आपण हे पान नंतर बघू.

तानबाजी: नंतर काऊन? वाचा ना.

गुंजन: तुम्हीच वाचा.

तानबाजी: चष्मा घरी राह्यला. माहं अक्षर एवढं खराब नाई बुवा. वाचा तुमी.

गुंजन: अठरा फेब्रुवारी. ‘खांब ४१ चा दिवा काढला. टोल्यात पुनाजी कुमरे यांचे घरापुढे लावला. मयत. तेरवीनंतर परत.’

तानबाजी: हो, पुनाजी. पुनाजी गेलता त्या साली. मंग परत आनल्याची नोंद पाहा. मार्चात असंन, दोन-तीन तारीख.

गुंजन: मार्चमध्ये काही नाही.

तानबाजी: पान चिकटलं असंन.

गुंजन: नाही काका. शेवटची नोंद सत्तावीस फेब्रुवारीची आहे. त्यापुढे सगळी पानं कोरी आहेत.

तानबाजी: बंडूजी, मी रिटायर कवा झालो?

बंडूजी: अठ्ठावीस फेब्रुवारी. मीच शाल आणली होती तुमची.

तानबाजी: अठरापासून तेरावा दिवस. दोन मार्चले तेरवी. अन् मी अठ्ठावीसले शिडी जमा केली.

गुंजन: काका, पाणी घ्या.

तानबाजी: पाच मार्चले स्वीटीचं लगन होतं.

बंडूजी: हो, आम्ही आलो होतो जेवायला.

तानबाजी: घरी मांडव पडला होता. रुखमा मले म्हने, पाव्हणे येऊन राह्यले, रपट्यावर अंधार हाये, दिवा कवा आनता? मी म्हनलं, पुनाजीची तेरवी होऊ दे. मंग लगन झालं. मंग पोरीले पुलगावले पोचवून आलो. मंग मी म्हनलं, आता शिडी माही नाई, कंपनीवाले लावतीन. दोन-तीन डाव पुसलं तिनं. मंग पुसनं बंद केलं. मी समजलो, सवय झाली असंन. मंग मलेच आठवेना का दिवा कोनं नेला.

गुंजन: तुम्ही मुद्दाम नाही केलं.

तानबाजी: चार महिने मी त्या पिवळ्या टोपीवाल्या पोराले शिव्या देल्या. सकाळी चूल पेटवली का शिव्या, रातच्याले आडवा झालो का शिव्या. त्यानं बराबर लिवलं होतं. खांब सुना होता, त्यानं सुना लिवला.

बंडूजी: तानबाभाऊ, सोडा. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मॅडम, जानेवारीचं पान आहे ना, तेवढंच लावा. फेब्रुवारीचं कोण पाहते?

गुंजन: कंपनी पाहील. पूर्ण रजिस्टर मागतात ते. आणि हे पान असताना ते कलम लागतच नाही. दिवा मोजायचा राहिला नाही, बंडूजी. मोजला गेला, फक्त टोल्यात मोजला गेला. पुनाजींच्या घरापुढच्या खांबाला दोनशे सात नंबर आहे. तो दिवा कागदावर जिवंत आहे.

तानबाजी: अजून हाये तिथं?

गुंजन: आहे. सर्व्हेनंतर कंपनीनं नवा बसवला, पण जागा तीच.

तानबाजी: रुखमाच्या तेरवीले कौशल्याबाई आलती, पुनाजीची बायको. डोळे पुसून झाले का मले म्हने, भाऊजी, तुमचा दिवा अजून आमच्याकडेच हाये. मले वाटलं, दुखवट्यात मानूस काईबी बोलते. मी हो हो म्हनलं, अन् जेवाले बसवलं तिले.

गुंजन: काका, एक करता येतं. फेब्रुवारीच्या याच नोंदीवर. दिवा तात्पुरता हलवला होता, मूळ जागी परत लावा, एवढंच पत्र. त्याला सभेची मंजुरी लागत नाही, माझ्या सहीनं होतं. गुरुवारी शिडीची गाडी येते आहे.

बंडूजी: बस. खतम. गुरुवारी संध्याकाळी तुमचा कोपरा लख्ख. सही ठोका, भाऊ.

तानबाजी: गुरुवारी. म्हंजे परवा.

गुंजन: परवा.

तानबाजी: कोपऱ्यावर उजेड पडन तं खिडकीतून आत येते. आमच्या सैपाकघरात येत होता पह्यले. तिले वेगळा बल्ब लावा लागत नव्हता.

गुंजन: मी पत्र टाईप करते.

तानबाजी: थांबा. टोल्यात मंग किती राह्यतीन?

गुंजन: दिवे?

तानबाजी: हो.

गुंजन: चौदा खांब आहेत, काका. दिवा तो एकच आहे.

तानबाजी: तुमच्या त्या परीक्षेत टोल्याले किती गुण होते?

गुंजन: तिथल्या सुन्या खांबांना एकाहत्तरपर्यंत. सगळ्यात वर. बोअरची टाकी तिथंच आहे. टोल्यातल्या बायका पहाटे पाणी भरून मग मजुरीला जातात. त्या एका दिव्याच्या उजेडात.

तानबाजी: मंग माह्याऊन जास्त हाये त्यायची गरज.

बंडूजी: अरे भाऊ, गरज सगळ्यांची आहे. टोलावाले पण अर्ज करतील आपला. तुम्ही आठ चकरा मारल्या, त्यांनी एक तरी मारली का?

तानबाजी: ते कायच्यावर अर्ज करतीन बंडूजी? त्यायच्या तेरा खांबांवर नंबरच नाई. मोबाईल त्यायलेबी सांगन का खांब अस्तित्वात नाही. अन् आठ चकरा मारायले मले पेन्शन हाये. त्यायची आठ दिवसाची मजुरी बुडते.

बंडूजी: मी तुमच्यासाठी बोलून राहिलो, आणि तुम्ही माझ्यावरच...

तानबाजी: तुमच्यावर नाई जी. माह्यावर चिडून राह्यलो मी. जिंदगीभर हेच केलं. ह्याचा काढला, त्याच्या दारी लावला, अन् समजलो का आपन लय न्यायानं वागून राह्यलो. दिवे कमी होते तं हापिसाले म्हनाचं होतं का दिवे वाढवा. ते नाई म्हनलं. सोताच्या बायकोच्या पायाखालचा उजेड काढला अन् छाती फुगवून फिरलो का कोनी बोट नाई दाखवत. आता त्या बाईच्या टाकीवरचा काढू? अन् तिथं कोनी पडलं, तं रजिस्टरात काय लिवू?

गुंजन: मग दुसरा रस्ता लांबचा आहे, काका.

तानबाजी: सांगा.

गुंजन: कार्यालयाच्या कर्मचाऱ्याकडून चूक झाली आणि त्यामुळे अपघात झाला, असा प्रस्ताव. तो कार्यालयाच्या स्वतःच्या निधीतून मंजूर होतो, प्रभागाचे चार वापरावे लागत नाहीत. पण तो सभेपुढे जातो. तीन महिने तरी लागतील. आणि त्यात सहा नंबरचा कॉलम कोरा ठेवता येत नाही.

बंडूजी: मॅडम, काय सांगता यांना. तानबाभाऊ, ऐका माझं. सभेत तो कागद मोठ्यानं वाचतात. सतरा सदस्य, वर पत्रकार. धर्मेंद्र तर टेबल वाजवून हसेल. म्हणेल, म्हातारा चार महिने नाव मागत फिरला, अन् नाव कोणाचं निघालं पाहा. नोटीस पण येऊ शकते. पेन्शनीत लफडं नको.

तानबाजी: येऊ द्या नोटीस.

बंडूजी: अहो, वहिनी असत्या तर त्याही हेच म्हणाल्या असत्या.

तानबाजी: तिनं काय म्हनलं असतं ते मले ऐकाले भेटलं असतं, तं मी ह्या हापिसात आलोच नसतो बंडूजी.

गुंजन: तुम्हाला विचार करायला वेळ हवा असेल तर सोमवारी या. घाई नाही.

तानबाजी: नववी चक्कर नाई मारत. लिहा. अन् मॅडम, त्याच कागदात टोल्याचे तेरा खांबबी टाकता येतीन का?

गुंजन: त्यात नाही टाकता येत. तो वेगळा अर्ज. टोल्यातल्या लोकांच्या सह्या लागतील, अंगठे चालतील. माझा तक्ता मी त्याला जोडते. पण काका, मंजूर होईलच असं मी सांगू शकत नाही. त्या दिवशी हसले होते, परत हसतील.

तानबाजी: हसू द्या. दोनी कागद एकाच दिवशी ठेवजा मंग. माह्यावर हसून थकतीन तं त्यायचा कागद नीट वाचतीन. सह्या मी आनतो. कौशल्याबाईकडे तसंबी जाचंच हाये. तिचं बोलनं मी त्या दिवशी ऐकलंच नाई.

बंडूजी: पेंटचा डबा आहे एक, मागच्या खोलीत. पांढरा. अर्धा असेल.

तानबाजी: कायले?

बंडूजी: टोल्यातल्या खांबांवर नंबर टाकायला, आणखी कायले. ब्रश तुमचा तुम्ही आणा. आणि मी दिला म्हणून कुठं सांगू नका, स्टॉकमध्ये नाही तो.

तानबाजी: नाई सांगत जी.

गुंजन: मी लिहायला घेते. कॉलम एक, खांबाचा नंबर. जुना एक्केचाळीस, नवीन नाही. कॉलम दोन, ठिकाण. रपट्याजवळचा कोपरा. तीन, अपघाताची तारीख माझ्याकडे आहे. चार, जखमी व्यक्ती...

तानबाजी: रुखमा तानबा झाडे. जखमी नाई. मयत लिहा.

गुंजन: मयत. पाच, वय.

तानबाजी: साठ. आधार कार्डावर बासष्ट हाये, ते चुकीचं हाये. मास्तरनं अंदाजानं लिवलं होतं. तिले त्याचा लय राग होता.

गुंजन: साठ लिहिते. कॉलम सहा.

तानबाजी: तानबा महादेव झाडे. दिवाबत्ती कामगार.

गुंजन: निवृत्त.

तानबाजी: तवा निवृत्त नव्हतो. दहा दिवस बाकी होते. जसं होतं तसंच लिहा.

गुंजन: लिहिलं. शेवटचा कॉलम आहे, काका. दिवा किती कालावधीसाठी काढला होता. हवं तर ‘तात्पुरता’ एवढंच लिहिते, चालेल.

तानबाजी: नाई मॅडम. बराबर लिहा. तेरा दिवस.